साहेबाला दाखवायच्या भट्ट्या

माझ्या मामाने स्कॉटलंडात दारूची भट्टी पाहिली होती, आणि आमच्या वाडीतल्या एकाही माणसाला ते खरं वाटत नव्हतं.

मामा बोटीवर तेलवाला होता. म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून, अंगाचं पाणी होईस्तोवर, फिरत्या लोखंडाला तेल पाजायचं. हे त्याने तीस वर्षं केलं आणि मग तोंडवलीच्या बाजूला, खाडीलगतच्या आमच्या वाडीत येऊन स्वस्थ बसला. संध्याकाळी त्याच्या ओटीवर माणसं जमत. मामा त्यांना बर्फाचे डोंगर सांगे, होडीएवढे मासे सांगे, आणि लोक ते निमूट ऐकून घेत. स्कॉटलंड आलं की मात्र एकेकाला खोकला सुटे.

गोष्ट अशी होती. बोट ग्लासगोला दुरुस्तीसाठी लागलेली असताना इंजिनावरच्या मोठ्या साहेबाने मामाला एक दिवस आगगाडीने आपल्या गावी नेलं. साहेबाचा बाप तिथल्या भट्टीत कामाला होता. ती भट्टी साहेबाने मामाला आतून बाहेरून दाखवली. घराएवढी तांब्याची भांडी. अंधाऱ्या कोठारात बारा बारा वर्षं निजवून ठेवलेली लाकडी पिंपं. मालकाने उठून मामाच्या हातात हात दिला आणि बसायला खुर्ची दिली. इथवरसुद्धा लोकांनी सोसलं असतं. पण मामा पुढे सांगे, की भट्टीच्या दारावर भली मोठी रंगवलेली पाटी होती, आणि रस्त्याने चाललेल्या पोलिसाने मालकाला सलाम ठोकला.

इथे ओटीवर हशा फुटायचा. आमच्या मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. आमच्याकडची भट्टी म्हणजे काजूच्या डोंगरात, नाहीतर खाडीच्या चिखलात, बायकोलाही पुरता पत्ता न सांगता लावलेली वस्तू. "पाटी?" आमच्या वाडीतला थोरला तांडेल मांडीवर थाप मारून म्हणायचा. "पोलिसाक वाट गावना नाय म्हणान पाटी लावल्यानी?" तांडेलाची होडी मोठी होती, पण ती वेंगुर्ल्याच्या खाली कधी उतरली नव्हती. पोलीस मात्र जगात सगळीकडे एकसारखा असतो, यावर त्याचा ठाम विश्वास होता. त्यानेच तो शब्द रूढ केला. कोणी थाप मारली की ती 'स्कॉटलंड'. शाळेत पोरं एकमेकांची तक्रार घेऊन येत, "गुरुजी, ह्यो स्कॉटलंड मारता." त्या शाळेचा मास्तर मी होतो. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसायचो.

साठ सालाच्या मागेपुढे, काजूच्या हंगामात, मामाला पत्र आलं. मामाला वाचता येत नसल्यामुळे ते मीच वाचलं. साहेबाची बोट मुंबईच्या गोदीत होती. ही त्याची शेवटची फेरी, पुढे तो निवृत्त होणार. आगबोटीने एका दिवसासाठी मालवणला येतो, असं त्याने लिहिलं होतं. "तुझ्या गावच्या भट्ट्या दाखवीन असं तू म्हणाला होतास. मी त्या बघायला येतो आहे."

मामाने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, माणूस इलो काय तेका दाखवक होया. माझो शब्द आसा तो." मी सख्खा भाचा, पण सगळं गाव मास्तर म्हणे म्हणून तोही म्हणे. थोड्या वेळाने डोळ्यांत एकदम उजेड पडल्यासारखा तो हसला. "आणि तांडेल बघतलो. साहेब आसा का नाय, तां आता तांडेल आपल्या डोळ्यांनी बघतलो."

दहा वर्षं तो ज्या शब्दापायी थापाड्या ठरला होता, तो शब्द एका दिवसात धुऊन निघणार होता. त्यासाठी फक्त आसपासच्या तीन भट्ट्या दाखवायच्या होत्या.

आता इथे माझी आणखी एक ओळख सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिच्यात आहे. मी गावच्या दारूबंदी प्रचार समितीचा चिटणीस होतो. मास्तरांच्या गळ्यात तेव्हा अशी कामं आपसूक पडत. आमचे अध्यक्ष बैठकीला वेलची चघळत येत आणि लवकर जात. मी मात्र खादीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून, पोरांना मडक्याचा राक्षस करून, गावभर प्रभातफेऱ्या काढत असे. त्या फेरीत भट्टीवाल्यांचीच पोरं सगळ्यात मोठ्याने ओरडायची.

मामाला आणि साहेबाला दुभाष्याची काही गरज नव्हती. बोटीवरच्या हिंदुस्तानीतले चाळीस शब्द दोघांनाही येत होते आणि तेवढ्यावर त्यांनी मिळून चार समुद्र ओलांडले होते. पण मी मॅट्रिक झालेला, इंग्रजी बोलायला जन्मात कोणी मिळालं नव्हतं. मी म्हटलं, मी येणारच. मामा नको म्हणत होता. "तुका बघून लोक भियतले रे." मी ऐकलं नाही.

मामाने आदल्या आठवड्यात तिन्ही ठिकाणी जाऊन निरोप दिला होता. बोटीवरची शिस्त त्याच्या हाडात मुरलेली. त्याने सांगितलं, "साहेब येतलो. भट्टी बघतलो. सगळां स्वच्छ ठेवा." त्याच्या मते याचा अर्थ, भांडी घासून ठेवा, अंगण झाडून ठेवा. पण आमच्याकडे साहेब येणार, भट्टी बघणार आणि स्वच्छ ठेवा, या तीन वाक्यांचा मिळून एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ लोकांनी बरोबर घेतला.

साहेब सकाळी मालवण बंदरात पडावातून उतरला. साठीचा, लालबुंद, उंच माणूस. जगातले सगळे कपडे सोडून त्याने खाकी अर्धी चड्डी, खाकी शर्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातले होते. त्याला बघून मामा पुढे झाला. दोघांनी हात हातात घेतले आणि हलवत राहिले. मी तयार करून ठेवलेलं स्वागताचं इंग्रजी वाक्य दोन वेळा म्हटलं. साहेबाने दोन्ही वेळा मान डोलावली.

तिथून होडीने आम्ही वाडीच्या धक्क्याला लागलो. पुढे मामा नवीन धोतरात, मध्ये खाकी साहेब, मागे खादीच्या टोपीतला दारूबंदीचा चिटणीस. आम्ही पाऊल टाकलं आणि पहिल्याच घरातून व्हायनाचा आवाज सुरू झाला. व्हायन म्हणजे भात कांडायचं दगडी उखळ. त्यात भात असला की मुसळाचा आवाज मऊ येतो. रिकाम्या व्हायनात मुसळ घातलं की तो खणखणीत, पार डोंगरापर्यंत जातो. धाड आली की आमच्या बायका रिकामं व्हायन कांडायला बसत. या घरातला आवाज त्या घरात, तिथून पुढच्या वाडीत. समिती म्हणून आम्हाला हे ठाऊक होतं, पण घरात बाई भात कांडते त्याला कायदा काय करणार!

साहेब थबकून ऐकत राहिला. त्याने मला विचारलं, हे वाजंत्री माझ्यासाठी का? मी हो म्हणालो.

पहिली भट्टी काजूच्या डोंगराच्या पायथ्याला. तिथे पोचलो तर काजूच्या तुडवलेल्या बोंडवांचा वास इतका दाटलेला, की वासरूसुद्धा डोळे मिटून उभं होतं. अंगणात चुलीवर तांब्याचं मोठं भाण. घरवाली पुढ्यात बसून कालथ्याने ढवळत होती.

"साब," मामा अभिमानाने म्हणाला, "ये एक नंबर भट्टी."

"भट्टी?" घरवाली उठून उभी राहिली. "खंयची भट्टी? मी भात उकडतंय."

भाणात खरोखरच भात होतं. उकड्या तांदळासाठी भात उकडतात तसं, वर फेस आलेला. फक्त भाणाच्या मानेला एक गोल भोक होतं आणि त्यात काथ्याचा बोळा कोंबलेला होता. मामा खाली आवाजात विनवू लागला, "अगो, ह्यो माझो पाहुणो. धाड न्हय ही. नळी लाव आणि दाखव जरा."

"धाड नाय, मगे मास्तर कित्याक इलो?" तिने माझ्या टोपीकडे बोट दाखवलं.

आपल्यामुळे काहीतरी अडलंय हे साहेबाच्या ध्यानात आलं. बाईचा गैरसमज दूर करावा म्हणून त्याने खिशातून एक कागद काढला आणि नम्रपणे तिच्यापुढे धरला. ते त्याचं परमिट होतं. परदेशी माणूस म्हणून सरकारने त्याला दारू पिण्याची परवानगी दिली होती, तिच्यावर भला मोठा शिक्का होता. बाईने शिक्का पाहिला आणि हंबरडा फोडला, "वारंट हाडल्यानी रे!" परसातून दोन माणसं कुंपणावरून उडी मारून डोंगरात गेली. त्यातला एक तिचा नवरा होता. दुसरा आमच्या समितीचा अध्यक्ष असावा असा माझा संशय आहे, पण मी फक्त पाठ पाहिली.

साहेब शांतपणे चुलीजवळ बसला. काथ्याचा बोळा त्याने पाहिला, भाणाच्या तळावरचे काळे थर पाहिले, वास घेतला. बालपण गेलं होतं त्याचं अशा वासात. मग वही काढून त्याने मला गंभीरपणे विचारलं, या भाताला किती वेळ उकडतात? मी बाईला विचारलं. ती रडत रडत म्हणाली, "फुटासर." दाणा फुटेपर्यंत, असं मी सांगितलं आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. निघताना तिने आम्हाला वाडगाभर पेज दिली, कारण धाड असली तरी दारात आलेला माणूस उपाशी कसा जाईल.

दुसरी भट्टी खाडीकाठी, माडांच्या दाटीत होती. तिथे माडीची दारू गाळत आणि मडकी जमिनीत पुरून ठेवत. आम्ही पोचलो तेव्हा त्या जमिनीवर केळीचे खांब बांधलेले, चौरंग मांडलेला आणि सत्यनारायणाची पूजा चालू होती. घरचा माणूस पितांबर नेसून बसला होता आणि त्याच्या अंगाला सकाळच्या कामाचा वास येत होता. पूजेखाली कोण खणणार?

मामाने डोक्याला हात लावला. पण पूजेला आलेल्याने न बसता जायचं नसतं. साहेबाने बूट मोजे काढले आणि मोठ्या कष्टाने मांडी घातली. भटजींना बहुधा शेतातून धरून आणलं होतं, पायाला चिखल होता आणि पोथी भलतीच होती. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले, "मास्तर, पाची अध्याय संपले. तुमचा साहेब हलत नाही. आता काय परत पहिल्यापासून सांगू?" साहेबाला तीर्थ दिलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आशा दिसली. त्याने पळी नाकाशी नेली, हुंगली आणि तीर्थ पिऊन टाकलं. मग प्रसादाचा शिरा खाल्ला. वहीत त्याने काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

तिसरी भट्टी सगळ्यांत मोठी, मसुऱ्याच्या वाटेवरच्या एका घरात. मामा आता घाईघाईने, जवळजवळ धावत चालला होता. "ही दाखवतलोच," तो स्वतःशीच म्हणत होता. दारात एक सुईण आडवी बसलेली.

"भितुर बाळंतीण आसा," ती म्हणाली.

"ह्यांची सून मुंबैक, चेडू सासराक," मामा ओरडला. "बाळंतीण कोण?"

सुईणीने क्षणभर विचार केला. "म्हातारी," ती म्हणाली.

आतून कण्हण्याचा आवाज आला. तो इतका घोगरा आणि मिशीतला होता, की माझंही तोंड उघडं राहिलं. साहेबाने मात्र टोपी काढली. काय चाललंय, असं त्याने डोळ्यांनीच विचारलं. मी सांगितलं, आत सत्तर वर्षांची बाई प्रसूत होते आहे. साहेबाने टोपी छातीशी धरली आणि तिला माझ्या शुभेच्छा कळवा म्हणाला. मी कळवल्या. आत कण्हणं क्षणभर थांबलं आणि तांब्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

मामा अंगणातच खाली बसला. धुळीत, नव्या धोतरासकट. मी बाजूला बसलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगलां हुतां ना तुका, येव नको म्हणान?" मी टोपी काढून खिशात घातली. तेवढंच आता करण्यासारखं उरलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला, की तसा पुढे फार थोड्या वेळा आला.

"साब, खलास," मामा म्हणाला. "भट्टी नहीं."

साहेबाने त्याला हात देऊन उठवलं. "ठीक है," तो म्हणाला. "बहुत अच्छा भात."

आम्ही मामाच्या ओटीवर परतलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि अख्खी वाडी तिथे जमलेली होती. साहेबाने पेज प्यायली, मांडी घालून शिरा खाल्ला, ही बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि धाड घालणारा माणूस शिरा खात नाही, एवढं लोकांना पटलं होतं. पितांबरवालाही आला होता. पहिल्या घरची बाई माफी म्हणून काजूगर घेऊन आली होती. थोरला तांडेल पुढे होऊन बसला. साहेब आहे, हे तर त्याला मान्य करावंच लागलं. पण माणूस असला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "इचारा साहेबाक. ह्या तेलवाल्यान थंय काय काय बघल्यान, तां साहेबानच सांगूंदे. पाटी हुती? मालकान खुर्ची दिल्यान? सगळ्यांसमोर इचारा."

मी विचारलं. मामा खांबाला टेकून खाली बघत होता.

साहेब हिंदुस्तानीत बोलला नाही. ते त्याला चाळीस शब्दांत सांगता येण्यासारखं नव्हतं. तो इंग्रजीत, हळूहळू, माझ्याकडे बघून बोलला. पाटी होती, म्हणाला. मी त्याला नेलं, मला माझ्या गावाचा अभिमान होता. पण दारावरचा माणूस म्हणाला, तू आत ये, तो बाहेर थांबेल. मी भांडायला हवं होतं. मी आत गेलो. माझ्या बापाचे जुने सोबती होते, त्यांच्यात माझा वेळ गेला. बाहेर पाऊस होता. दोन तासांनी आलो तर हा भिंतीला लागून उभा होता, माझी पिशवी भिजू नये म्हणून कोटाखाली धरून. परतीच्या गाडीत मी त्याला आतलं सगळं सांगत राहिलो, लाज झाकायला. तो म्हणाला, साब, तू मेरे गाव आना, मैं दिखायेगा. मी त्याची माफी मागायला आलो आहे. ती सगळ्यांसमोर मागावी, असं मला वाटतं. तुम्ही यांना हे सांगा.

सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. इंग्रजी कळणारी त्या ओटीवर आम्ही तिघंच. मामाला किती कळतं ते मला माहीत नव्हतं, पण त्याचा चेहरा पाहिला आणि समजलं, की सगळं कळलं. त्याने मान वर केली नाही. विनवणी केली नाही. नुसता पायाच्या बोटाने जमीन उकरत होता, आमच्या शाळेत पोरं उकरतात तशी.

मी घसा साफ केला.

"साहेब म्हणता," मी म्हटलं, "पाटी हुती. मालक दारापर्यंत इलो. साहेबाक एक खुर्ची दिल्यान आणि मामाक एक. भितुर चार मानसां हुती, ती सगळी उठान उभी ऱ्हवली. साहेब म्हणता, तेलवाल्यान तुमका सांगल्यान तां कमीच." आणि मग कुठून सुचलं कोण जाणे, "आणि पोलीस एक न्हय, दोन हुते."

कोणी खोकलं नाही. तांडेल बराच वेळ साहेबाच्या डोळ्यांतलं पाणी बघत बसला. ते पाणी जुन्या मैत्रीचं आहे, असं त्याने ठरवलं. मग तो उठला, मामाजवळ गेला आणि त्याच्या शेजारी बसला. दहा वर्षांत तो मामाच्या शेजारी बसला नव्हता, कायम समोर बसायचा.

मी काय सांगितलं ते साहेबाला कळेना. माणसं रागावली नाहीत, उलट हसतायत, हे बघून तो गोंधळला. "क्या बोला?" त्याने मामाला विचारलं.

"बराबर बोला, साब," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेब परतीच्या आगबोटीने गेला. त्यानंतर त्याचं एक पत्र आलं, मग येईनासं झालं. वाडीत थापेला स्कॉटलंड म्हणणं मात्र बंद झालं. पण मामाने ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचा, "मास्तराक इचारा. तेका सगळां म्हायत." मग मी सांगायचो. घराएवढी भांडी, पिंपं, खुर्च्या. मामा खांबाला टेकून ऐकायचा, जणू काही तोही तिथलं सगळं पहिल्यांदाच बघतो आहे. सांगून सांगून मला ती भट्टी पाठ झाली, आणि एकदा सांगण्याच्या भरात मी म्हणून गेलो, की आम्ही आत होतो तेव्हा बाहेर बारीक पाऊस पडत होता.

लोक उठून गेल्यावर मामाने मला जवळ बोलावलं.

"पाऊस नको घालू रे त्यात," तो म्हणाला. "भितुर आसलेल्याक पाऊस कसो कळतलो?"